‘पोरींचा लिलाव’ म्हणजे काय? खेळाच्या बातमीतले शब्द समजून घेऊ या

मी जऊळक्याहून तुमच्याशी बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून आजवर मी तुमच्याशी हप्ते, व्याज, वही कशी लिहायची, असल्याच गोष्टी बोलत आले. आजचा विषय जरा वेगळा आहे. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर जे शब्द येतात, त्यांचा अर्थ काय, हे आज आपण पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, ‘ताई, आपल्याला काय करायचं त्या पानाशी? ते पान तर घरातले गडी वाचतात.’ मलाही तसंच वाटत होतं. पण आमच्या गावातल्या एका बैठकीत असं काही झालं, की मला ते पान उघडावंच लागलं.

झालं असं. डिसेंबर महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, आणि एक जण पदराखालून पेपराची घडी काढून माझ्यापुढे धरत म्हणाली, “ताई, हे वाचलं का? पोरींचा लिलाव झाला म्हणते. कोणी तीन कोटीले गेली, कोणी इकलीच नाही म्हणते. मी माह्या पोरीले नाही पाठवत बाप्पा असल्या खेळात.”

तिची मुलगी नववीत आहे. पळायला चपळ, चेंडू फेकायला पक्की. शाळेतल्या सरांनी क्रिकेटच्या निवड चाचणीसाठी तिचं नाव दिलं होतं, चाचणीसाठी वाशीमला जायचं होतं. घरच्यांच्या होकाराच्या कागदावर सही तेवढी बाकी होती. आणि आईने पेपरातला एक शब्द वाचून सही करायचं नाकारलं होतं.

बाकीच्या बायाही लगेच बोलायला लागल्या. कोणी म्हणाली, बरोबर आहे तिचं. कोणी म्हणाली, मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही. मी बी.ए. झालेली आहे, इंग्रजीचा पेपरही दिलेला आहे. पण त्या वेळी मलाही नीट उत्तर देता आलं नाही. ‘तसं नसतं’, एवढंच म्हणाले. कसं असतं, ते सांगता आलं नाही. घरी आल्यावर मला त्याचंच वाईट वाटलं. मग महिनाभर मी रोज खेळाचं पान वाचलं, अडलेला शब्द वहीत लिहिला, शाळेतल्या सरांना विचारलं, कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला विचारलं. त्या वहीतलं आज तुम्हाला सांगते.

सुरुवात त्या लिलावापासूनच करू.

लिलाव, म्हणजे आपल्याकडे ज्याला हर्रासही म्हणतात, तो आपण कुठे पाहिला आहे? बाजार समितीत. सोयाबीनचा ढीग पडलेला असतो, व्यापारी मूठभर दाणे हातात घेतात, बोली लावतात, आणि ढीग ज्याचा झाला त्याचा झाला. दुसरा लिलाव कर्ज थकलेल्याच्या घराचा किंवा ट्रॅक्टरचा. तोही आपण ऐकलेला असतो आणि त्याची धास्ती असते. म्हणजे आपल्या डोक्यात लिलाव म्हटला की दोनच चित्रं येतात, एक मालाचं आणि दुसरं नामुष्कीचं. त्यात ‘पोरींचा’ हा शब्द जोडला की आईच्या पोटात गोळा येणारच. त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं. तिने शब्द वाचला आणि आपल्या अनुभवातला अर्थ लावला. आपण सगळे तेच करतो.

आता खरी गोष्ट ऐका. २०२३ साली आपल्या देशात बायकांच्या क्रिकेटची एक मोठी स्पर्धा सुरू झाली, विमेन्स प्रीमियर लीग. पाच संघ आहेत. कोणत्या संघातून कोण खेळणार, हे ठरवायला १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला. यात पहिली गोष्ट लक्षात घ्या, खेळाडू स्वतः आपलं नाव देते. कोणी तिला उभं करत नाही. दुसरी गोष्ट, कमीत कमी रक्कम आधीच ठरलेली असते. पहिल्या वर्षी ती दहा लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत होती. मग संघ बोली लावतात आणि ज्याची बोली सगळ्यात मोठी, त्या संघाशी तिचा करार होतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पैसे त्या खेळाडूला मिळतात. सोयाबीनच्या लिलावात पैसे सोयाबीनला मिळत नाहीत, ते मालकाला मिळतात. इथे माल नाही आणि मालकही नाही. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना हिला त्या लिलावात बंगळुरूच्या संघाने ३ कोटी ४० लाखांना घेतलं, ती त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली होती. त्याचा अर्थ एवढाच, की त्या स्पर्धेत ती बंगळुरूकडून खेळणार आणि त्या खेळाचे एवढे पैसे तिला मिळणार. देशाच्या संघातून ती खेळतेच आहे.

आपल्याकडे पाडव्याला सालदार ठरवतात. बोलणी होते, रक्कम ठरते, वर्षभराचं काम ठरतं. म्हणून कोणी म्हणतं का, की अमक्याने माणूस विकत घेतला? आपण म्हणतो, साल ठरलं. तशातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की इथे एकीसाठी चार जण रक्कम वाढवत जातात.

मग पेपरवाले ‘विकली गेली’ असं का छापतात? कारण इंग्रजीत ‘सोल्ड’ आणि ‘अनसोल्ड’ हे शब्द वापरतात, आणि मराठीत घाईघाईने शब्दाला शब्द ठेवला जातो. ‘स्मृतीची किंमत ३ कोटी ४० लाख’ असं छापलं की माल वाटतो. ‘स्मृतीशी ३ कोटी ४० लाखांचा करार’ असं छापलं की कष्टाचा मोबदला वाटतो. घटना एकच, शब्द बदलला की चित्र बदलतं. आम्हा समन्वयकांना मिळतं त्याला मानधन म्हणतात. कोणी म्हणत नाही, की समन्वयकाची किंमत इतकी.

‘अनसोल्ड’ म्हणजे या वेळी कोणत्याही संघाने बोली लावली नाही, एवढंच. पुढच्या वेळी पुन्हा नाव देता येतं. ‘रिटेन’ म्हणजे जुन्या संघाने तिला कायम ठेवलं. ‘रिलीज’ म्हणजे संघाने तिला मोकळं केलं, आता ती पुन्हा लिलावात नाव देऊ शकते. दीप्ती शर्मा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तिला उत्तर प्रदेशच्या संघाने मोकळं केलं, आणि २७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत झालेल्या लिलावात त्याच संघाने ३ कोटी २० लाख मोजून तिला परत घेतलं. हाच तो लिलाव, ज्याची बातमी आमच्या बैठकीत आली होती.

लिलावाचं कोडं सुटल्यावर मला बाकीचे शब्द दिसायला लागले. माझ्या लक्षात आलं, की अडचण अवघड शब्दांची नाहीच. अवघड शब्द आला की आपण विचारतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. शब्द आपल्या ओळखीचा असतो, म्हणून आपण विचारत नाही, आणि खेळात त्याचा अर्थ भलताच निघतो.

‘ड्रॉप’ हा शब्द घ्या. आपल्याकडे पोरगी ड्रॉप झाली म्हणजे तिची शाळा सुटली. खेळाच्या बातमीत याचे दोन अर्थ आहेत. खेळाडूला संघातून वगळलं तरी ड्रॉप, आणि हातात आलेला झेल सुटला तरी ड्रॉप. २०२५ च्या विश्वचषकात हे दोन्ही एकाच मुलीच्या बाबतीत झालं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. स्पर्धा चालू असताना इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघातून वगळलं, म्हणजे ती ड्रॉप झाली. पुढच्याच सामन्यात ती परत आली. आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा केल्या. त्याच खेळीत ८२ धावांवर तिचा झेल ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराच्या हातून सुटला, म्हणजे पुन्हा ड्रॉप. पहिल्या ड्रॉपने तिचं नुकसान केलं, दुसऱ्याने फायदा. म्हणून ‘ड्रॉप’ दिसला की आधी विचारायचं, काय ड्रॉप झालं, खेळाडू की झेल?

‘टन’ म्हणजे आपल्यासाठी दहा क्विंटल. खेळात टन म्हणजे शंभर धावा, शतक. ‘सीड’ म्हणजे आपल्यासाठी बियाणं. बॅडमिंटन आणि टेनिसच्या बातमीत ‘टॉप सीड’ म्हणजे जिला पहिलं मानांकन दिलं आहे ती खेळाडू. मात्र इथे बियाण्याची आठवण ठेवली तरी चालेल. दोन तगड्या खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकींपुढे येऊन एक घरी जाऊ नये, म्हणून त्यांना यादीत लांब लांब ठेवतात, जसे आपण दाणे अंतर ठेवून पेरतो.

‘ड्रॉ’ म्हटलं की आपल्याला लकी ड्रॉ आठवतो. खेळात कोण कोणाशी खेळणार याच्या सोडतीलाही ड्रॉ म्हणतात, आणि सामना निकालाविना संपला तरी ड्रॉ म्हणतात. क्रिकेटमध्ये ‘ड्रॉ’ आणि ‘टाय’ हे वेगळे आहेत. कसोटी सामन्यात दिवस संपले पण खेळ पुरा झाला नाही, तर ड्रॉ, मराठीत अनिर्णित. खेळ पुरा झाला आणि दोघांच्या धावा सारख्याच भरल्या, तर टाय, मराठीत बरोबरी.

आणि ‘कॅप’. कॅप म्हणजे टोपी. आपल्याकडे ‘टोपी घातली’ म्हणजे फसवलं. क्रिकेटमध्ये देशाकडून पहिल्यांदा खेळणाऱ्या खेळाडूला मानाने टोपी देतात. म्हणून ‘अनकॅप्ड’ म्हणजे जी अजून देशाकडून खेळलेली नाही ती. ‘हॅट-ट्रिक’मध्येही टोपीच आहे. १८५८ साली इंग्लंडमध्ये स्टिफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन जणांना बाद केलं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली. तेव्हापासून लागोपाठ तिनाला हॅट-ट्रिक म्हणायला लागले. आता तर निवडणुकीतही म्हणतात.

यापुढचे शब्द म्हणजे इंग्रजीतले वाक्प्रचार. वाक्प्रचाराचा अर्थ शब्दाला शब्द लावून निघत नाही. ‘पोटात कावळे ओरडतात’ हे इंग्रजाला शब्दशः सांगितलं, तर तो आपल्याला दवाखान्यात नेईल. तसंच आपलं त्यांच्या वाक्प्रचारांचं होतं.

‘डक’ म्हणजे बदक. एकही धाव न करता बाद झाली तर ‘डकवर बाद’. बदकाचं अंडं शून्यासारखं दिसतं, त्यावरून हे आलं. आपण त्याच शून्याला भोपळा म्हणतो, ‘भोपळाही फोडता आला नाही’. त्यांना अंडं दिसलं, आपल्याला भोपळा दिसला.

‘व्हाइटवॉश’ म्हणजे भिंतीला चुना देणं. मालिकेतले सगळे सामने एकाच संघाने जिंकले, की इंग्रजीत म्हणतात व्हाइटवॉश दिला. हे शब्दशः मराठीत आणलं तर ‘आपल्या मुलींनी समोरच्यांना चुना लावला’ असं होईल, म्हणजे फसवल्याचा आरोपच! मराठी पेपरात यासाठी ‘निर्भेळ यश’ असा छान शब्द आहे. दुधात भेसळ नाही, तसं यशात हार मिसळलेली नाही.

‘अंडरडॉग’मध्ये कुत्रा आहे, पण ती शिवी नाही. ज्या संघाकडून जिंकण्याची फारशी अपेक्षा नाही, तो अंडरडॉग. ‘डार्क हॉर्स’ हा घोड्यांच्या शर्यतीतला शब्द. ज्याच्याबद्दल कोणाला काही माहीत नाही आणि जो अचानक पुढे निघू शकतो, तो डार्क हॉर्स. गावातल्या निवडणुकीत असे घोडे तुम्ही पाहिलेच असतील.

‘सडन डेथ’ने तर आमच्या घरी घोटाळा केला. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला आपल्या मुलींचा हॉकीचा सामना जर्मनीशी होता. जिंकलं असतं तर पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळणार होतं. टीव्हीवर कोणीतरी म्हणालं, ‘सडन डेथ’. सासूबाई हातातलं काम टाकून आल्या, “कोण मेलं व?” त्यांना ‘डेथ’ शब्द माहीत होता, डेथ सर्टिफिकेटमुळे. कोणी मेलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटला, की दोन्ही संघांना पाच-पाच संधी देतात. त्यातही बरोबरी झाली, की मग एक-एक संधी. एकीने गोल केला आणि दुसरी चुकली, की तिथेच खेळ संपला. म्हणून सडन डेथ. त्या दिवशी आपण तिथेच हरलो.

‘मेडन’ हा शब्द मुलींच्या खेळात जरा जास्तच गोंधळ करतो. मेडन म्हणजे लग्न न झालेली मुलगी. ‘मेडन ओव्हर’ म्हणजे ज्या षटकात एकही धाव दिली नाही ते षटक. ‘मेडन सेंच्युरी’ म्हणजे आयुष्यातलं पहिलं शतक. एकाच शब्दाचा एका ठिकाणी अर्थ ‘एकही नाही’, दुसऱ्या ठिकाणी ‘पहिलं’. आणि दोन्हीचा कोणाच्या लग्नाशी काही संबंध नाही. मराठीत हे किती सोपं आहे पाहा, एक निर्धाव षटक आणि दुसरं पहिलं शतक.

इथे आपल्या मराठीचं थोडं कौतुक करू द्या. हे शब्द आपोआप आलेले नाहीत. एके काळी क्रिकेटचं वर्णन रेडिओवरून इंग्रजीतच यायचं. मग बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठीतून धावतं वर्णन केलं. वि. वि. करमरकर यांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या बातम्यांना मानाची जागा मिळवून दिली. अशा लोकांनी शब्द बोलून, लिहून रुळवले. षटक म्हणजे सहा चेंडूंचं, यात समजावून सांगण्यासारखं काही उरतच नाही. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत यांतला ‘चीत’ तर आपल्या आखाड्यातला, पाठ टेकली की पैलवान चीत. आणि ‘फलंदाज’ हा शब्द बाई आणि बाप्या दोघांनाही चालतो. इंग्रजीत मात्र ‘बॅट्समन’ होतं, ज्यात पुरुषच होता. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने २०२१ साली तो बदलून ‘बॅटर’ केला. म्हणजे शब्द बदलता येतात. कोणीतरी हरकत घेतली, की बदलतात.

आपली भाषाही सगळीच सोज्वळ आहे असं नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हाच्या अंतिम सामन्यात दीप्तीने पाच बळी घेतले. ‘पाच बळी’ हे शब्द पहिल्या पानावर अपघाताच्या बातमीत येतात आणि शेवटच्या पानावर खेळाच्या बातमीत. खेळातला बळी म्हणजे बाद झालेली खेळाडू, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळते. तसंच ‘धुव्वा उडवला’, ‘लोळवलं’, ‘चिरडलं’. ही सगळी लढाईची भाषा आहे. नुसती ‘जिंकले’ म्हटलं तर बातमी मिळमिळीत वाटते, म्हणून मथळ्यात मसाला घालतात. भाजीत मसाला किती आणि भाजी किती, हे आपल्याला कळतं. तसंच इथेही पाहायचं.

ते पाहायचं कसं? माझी एक साधी रीत आहे. मथळा बाजूला ठेवायचा आणि आकडा शोधायचा. अंतिम सामन्यात भारताच्या धावा होत्या ७ बाद २९८. म्हणजे सात जणी बाद झाल्या आणि धावा झाल्या २९८. दक्षिण आफ्रिकेच्या सगळ्या जणी २४६ धावांत बाद झाल्या. २९८ मधून २४६ वजा केले की ५२ उरतात. म्हणून बातमीत लिहिलं, भारताचा ५२ धावांनी विजय. हप्त्याची वही लिहिणाऱ्या बाईला हा हिशेब काय अवघड आहे?

उपांत्य सामन्यात मात्र लिहिलं होतं, ‘५ गडी राखून विजय’. असं का? कारण तेव्हा आपण नंतर खेळलो. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या होत्या, आपल्याला ३३९ हव्या होत्या. आपण ५ बाद ३४१ केल्या. दहा जणी बाद झाल्या की डाव संपतो. आपल्या पाचच झाल्या होत्या, पाच राखलेल्या होत्या. म्हणून पाच गडी राखून. पहिल्यांदा फलंदाजी करून जिंकलं तर धावांनी, नंतर करून जिंकलं तर गडी राखून. एवढं एक कळलं की अर्धं खेळाचं पान कळलं. इंग्रजीत हे ‘पाच विकेट्सने विजय’ असं म्हणतात, त्यातून काहीच उलगडत नाही. आपल्या ‘राखून’ या एका शब्दात सगळं आहे.

आकडा सापडला की तीन प्रश्न विचारायचे. नेमकं झालं काय? त्याचा खेळाडूवर परिणाम काय? आणि पैशाची गोष्ट असेल, तर पैसे कोणाला मिळणार? या तीन प्रश्नांत लिलावही उलगडतो, ड्रॉपही उलगडतो आणि सडन डेथही. तरी कळलं नाही तर ‘याचा अर्थ काय’ असं मोठ्याने विचारायचं. बँकेच्या कागदावरचा शब्द कळला नाही तर सही करायची नाही, हे आपण गटात शिकलो आहोत. तसंच, शब्द कळला नाही म्हणून ‘नाही’ असंही लगेच म्हणायचं नाही.

आता त्या आईची गोष्ट पुरी करते. जानेवारीच्या बैठकीत मी माझी वही उघडली आणि हे सगळं सांगितलं. सालदाराचा दाखला दिल्यावर ती म्हणाली, “असं असीन तर ठीक हाय.” पण ती एवढ्यावर थांबली नाही. तिने विचारलं, वाशीमला सोबत कोण जाणार? बाईमाणूस कोणी आहे का? मुक्काम पडणार का? खर्च किती? अभ्यास बुडाला तर? मी पाहतच राहिले. लिलाव या शब्दाची भीती बाजूला सरल्यावर खालून खरे प्रश्न वर आले होते. ते पहिल्यापासून तिच्या मनात होतेच, त्या एका शब्दाआड दडून बसले होते. आम्ही दोघी शाळेत गेलो. चाचणी पुढच्याच आठवड्यात होती. सरांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, सोबत एक शिक्षिकाही येणार होत्या, मुक्काम नव्हता. तिने सही केली.

चाचणी झाली आणि यादी लागली. मुलीचं नाव खाली, ‘राखीव’ असं लिहून. आई माझ्याकडे आली, “ताई, हे राखीव म्हणजे आपल्या जातीच्या दाखल्यावर का?” मला हसू आलं, तिलाही आलं. पण तिने आधी विचारलं, अर्थ लावून बसली नाही, हे मला फार आवडलं. मी सांगितलं, राखीव खेळाडू म्हणजे संघासोबत तयार राहायचं, कोणाला लागलं-खुपलं की मैदानात उतरायचं. आणि तिला शफाली वर्माची गोष्ट सांगितली. विश्वचषकासाठी निवडलेल्या पंधरा जणींत शफाली नव्हती. प्रतिका रावल ही सलामीची फलंदाज जखमी झाली, म्हणून उपांत्य सामन्याच्या आधी शफालीला बोलावणं आलं. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन जणींना बाद केलं, आणि सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

आई म्हणाली, “मंग राखीव म्हणजे घरी बसणं नाही.”

मी म्हटलं, नाही. सरावाला रोज जायचं.

आता ती मुलगी सकाळी मैदानावर जाते. पुढे काय होईल ते पुढे पाहू. तुमच्याही गटात खेळणाऱ्या मुलींच्या आया असतील. येत्या बैठकीला एक पेपर सोबत न्या, खेळाचं पान उघडा, आणि न कळलेले पाच शब्द वहीत लिहा. शाळेतल्या सरांना विचारा, बाईंना विचारा, घरातल्या पोरींनाच विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि एखादा शब्द कोणालाच उलगडला नाही, तर रेडिओच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या वेळी आपण त्याचा अर्थ मिळून शोधू.